क्लॅम्प लावला असता तर आग लागली नसती का?

प्रश्न विचारणारा तरुण महापे एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात दोन वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. जानेवारीत त्यांच्याकडे ग्लास-लाइन्ड रिॲक्टरमध्ये, म्हणजे आतून काचेचा थर असलेल्या लोखंडी भांड्यात, टोल्युइन हे पेट घेणारं सॉल्व्हंट (द्रावक) घेतलेलं होतं आणि मॅनहोलमधून पावडरची पोती ओतली जात होती. सहावं पोतं ओतताना भपकन ज्वाळा बाहेर आली. ठेकेदाराच्या हेल्परचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले. तो ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे. कारखान्याच्या चौकशीत लिहिलं गेलं, 'अर्थिंग क्लॅम्प लावला नाही. कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय : ताकीद व पुन्हा प्रशिक्षण.' पण त्यांच्या 'हिरा'च्या तक्त्यात, म्हणजे धोके ओळखून जोखीम मोजण्याच्या तक्त्यात, याच कामाची उरलेली जोखीम ४ होती. हिरवा रकाना. 'सर, मला हे कारण पटत नाही, पण त्याऐवजी काय लिहू? आणि हिरव्या रकान्यात आग लागलीच कशी?'

मी २७ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात हेच काम करतोय. आधी वागळे इस्टेट, मग रबाळे, तुर्भे, आणि आता सल्लागार म्हणून पवन्यापासून तळोज्यापर्यंत फिरणं. तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. हिराचा तक्ता म्हणजे अपघाताची आधीच लिहून ठेवलेली हकिकत, आणि चौकशी म्हणजे तीच हकिकत नंतर लिहिलेली. दोन्ही जुळत नसतील तर त्यातली एक तरी चुकलेली आहे. तुमच्या बाबतीत मला दोन्ही चुकलेल्या दिसतात. गंमत अशी की हे दोन कागद दोन वेगळ्या फायलींत राहतात आणि ऑडिटच्या दिवशीसुद्धा एका टेबलावर येत नाहीत.

आधी त्या क्लॅम्पचं, म्हणजे साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेच्या चिमट्याचं पाहू, कारण अख्खा अहवाल त्या एका खुंटीला टांगलाय. क्लॅम्प लावायचा होता तरी कशाला? तुम्ही लिहिलंय की पावडर कागदी पोत्यात येते आणि आत पॉलिथिनचं लायनर असतं. पॉलिथिनमधून वीज वाहत नाही. त्याला दहा क्लॅम्प लावा, त्यावर साठलेला स्थिर विजेचा भार जागचा हलणार नाही. कोरडी पावडर लायनरवरून घसरत बाहेर पडते तेव्हा दोघांवर भार तयार होतो. तो तिथेच बसून राहतो, आणि रिॲक्टरची धातूची कड जवळ आली की ठिणगी पडते. प्लास्टिकवरून पडणाऱ्या अशा ठिणगीत ४ मिलीज्यूलपर्यंत ऊर्जा असू शकते. टोल्युइनची वाफ आणि हवा नेमक्या प्रमाणात मिसळली तर ती पेटायला ०.२४ मिलीज्यूल पुरते.

मग माणूस. पायात साधे रबरी बूट, खाली रंगवलेला प्लॅटफॉर्म, अशा माणसावर १० हजार व्होल्ट चढणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्यावर त्याच्या बोटातून पडणारी ठिणगी साधारण १० मिलीज्यूलची, म्हणजे लागते त्याच्या चाळीसपट. क्लॅम्प आपण माणसाला लावत नाही.

आणि रिॲक्टर. बाहेरच्या लोखंडाला अर्थिंगची पट्टी असते, तपासायला येणारा ती पाहतो, रजिस्टरवर सही करतो. पण आतून काच आहे! टोल्युइन स्वतः वीज जवळजवळ वाहून नेत नाही. ढवळताना त्यात भार साठतो आणि काचेतून त्याला बाहेर पडायला वाट नसते. आतल्या द्रवाला जमिनीशी जोडायचं तर टँटलमसारख्या न गंजणाऱ्या धातूचा संपर्क आतपर्यंत न्यावा लागतो. तुमच्याकडे तसं काही आहे का, हे तुमच्या मेकॅनिकलवाल्यांना विचारा. पाचातल्या तीन ठिकाणी मला 'हो, अर्थिंग आहे ना' असं सांगून बाहेरची पट्टीच दाखवली गेली आहे.

मग हा क्लॅम्प आला कुठून? माझा अंदाज असा, की कधीकाळी तिथे लोखंडी ड्रममधून सॉल्व्हंट ओतत असतील. तेव्हा तो क्लॅम्प बरोबर होता. नंतर ड्रम गेले, पाइपलाइन आली, पोती आली, आणि क्लॅम्प तेवढा एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत, राहून गेला. पाच वर्षांपूर्वीची एसओपी काढून पाहा.

कुठल्याही कारणाला मी एक साधी कसोटी लावतो. ते कारण मनातल्या मनात काढून टाकायचं आणि विचारायचं, आता अपघात टळला असता का? हेल्परने क्लॅम्प अगदी नीट लावला होता असं समजा. भार पोत्यावर तसाच, माणसावर तसाच, द्रवात तसाच. आग लागलीच असती. म्हणजे तुमच्या अहवालातलं कारण हे कारणच नाही. त्या मुलाला ताकीद द्या नाहीतर नका देऊ, पुढचं सहावं पोतं तसंच ओतलं जाणार आहे.

आता फॉल्ट ट्री, म्हणजे अपघात वर लिहून त्याची कारणं खाली फांद्यांसारखी मांडणारी आकृती. वरच्या चौकटीत 'मॅनहोलपाशी भडका' लिहिलं की खाली अँड गेट येतं आणि त्याला तीन पाय : वाफ, प्राणवायू, ठिणगी. तिन्ही एकत्र आल्याशिवाय वरची चौकट पेटत नाही, म्हणजेच कुठलाही एक पाय पक्का कापला तरी काम होतं. आपण कापायला कुठला निवडला? ठिणगीचा, तिघांतला सगळ्यात बेभरवशाचा! ठिणगी कोणाच्या बुटातून येईल, कुठल्या लायनरवरून येईल, मॅनहोलवर पडलेल्या पान्यातून येईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उघड्या मॅनहोलपाशी सॉल्व्हंटची वाफ असेल तर ठिणगी कधीतरी येणारच, असं धरूनच मी विश्लेषण करतो.

वाफेचा पाय पाहा. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, ४ अंश सेल्सिअस, आणि हवेतलं १.१ ते ७.१ टक्के प्रमाण पेटण्याजोगं. बंद रिॲक्टरमध्ये ३० अंशांना द्रवाच्या वर ही वाफ पाचेक टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे कक्षेच्या ऐन मध्यात. हेक्झेन असतं तर आत वाफ इतकी दाट झाली असती की रिॲक्टरच्या पोटात ती पेटली नसती, तोंडाशी पेटली असती. टोल्युइन आतही पेटतं. आपल्या खाडीकाठची हवा या सॉल्व्हंटला वर्षभर मानवते असं मी नेहमी म्हणतो.

प्राणवायूच्या पायावर तुमचे प्लांट हेड सांगतील, 'नायट्रोजन चालू होता की!' लॉगबुकही तेच सांगत असेल, रोटामीटरचा (प्रवाह मोजणाऱ्या नळीचा) फ्लोट वर होता वगैरे. पण मॅनहोल सताड उघडं, आणि व्हेंटवर स्क्रबरचा, म्हणजे वायू धुणाऱ्या यंत्रणेचा, ब्लोअर खेचतोय. तो ब्लोअर मॅनहोलमधून बाहेरची हवा आत ओढतो. शिवाय प्रत्येक पोतं पडताना सोबत हवा घेऊन पडतं. नायट्रोजनमध्ये टोल्युइनची वाफ पेटू नये म्हणून प्राणवायू ९-१० टक्क्यांच्याही खाली, तोही थोडं अंतर राखून, ठेवावा लागतो. उघड्या मॅनहोलखाली तो किती होता हे कोणी कधी मोजलंय? मोजून पाहा, पण टोल्युइनवर नको. रिॲक्टर धुऊन त्यात तेवढंच पाणी घ्या, तोच नायट्रोजन, तोच ब्लोअर चालू ठेवा, मॅनहोल उघडा आणि प्राणवायू मोजणाऱ्या मीटरची नळी आत सोडा. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाजवळही एक मीटर ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. आकडा विशीच्या जवळ आला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग कोणीतरी म्हणेल, नायट्रोजन वाढवा. सावध राहा! उघड्या मॅनहोलमधून भरपूर नायट्रोजन बाहेर पडला की तोंडाशी वाकलेल्या माणसाच्या नाकापाशी प्राणवायू घटतो. हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली माणूस उभा करायचा नाही. म्हणजे आग टाळायला नायट्रोजन हवा आणि माणसाला तो नको. या कात्रीतून बाहेर पडायची वाट एकच, मॅनहोल बंद ठेवून पावडर आत घालणं.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ. ती तुम्ही कंसात टाकली आहे : (आधी पावडर टाकून मग टोल्युइन घ्यायचो, पण गठ्ठे व्हायचे, म्हणून दिवाळीपासून क्रम बदललाय.)

अहो, हेच तर आहे सगळं. पूर्वी माणूस मॅनहोलपाशी पोतं घेऊन उभा असायचा तेव्हा रिॲक्टर धुऊन कोरडा केलेला असे, वाफ नव्हती. टोल्युइन नंतर बंद पाइपातून यायचं, तेव्हा तिथे माणूस नव्हता. (धूळ स्वतः पेटण्याचा विषय वेगळा आहे, त्यासाठी पावडरची चाचणी करून घ्या, पण बहुतेक पावडरींना सॉल्व्हंटच्या वाफेपेक्षा बरीच जास्त ऊर्जा लागते.) म्हणजे वाफेचा पाय जुन्या पद्धतीत आपोआप कापलेला होता. कोणी मुद्दाम कापला होता की योगायोगाने, माहीत नाही. दिवाळीला तो परत जोडला गेला. बदल करणारा केमिस्ट मूर्ख नव्हता. गठ्ठ्यांमुळे ॲजिटेटर (ढवळणारा पंखा) ट्रिप होत असणार, बॅच लांबत असणार, वरून उत्पादनाचा तगादा. त्याने उत्पादनाचा प्रश्न सोडवला. त्याच्या बदलाने दुसरं काय उघडं पडतंय हे पाहणारा कोणी नव्हता, आणि तसं पाहायची पद्धतही नव्हती.

१ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला हेच घडलं. सायक्लोहेक्झेनचे सहा रिॲक्टर ओळीने उतरत्या उंचीवर लावलेले. पाचव्याला तडा गेला, तो काढला, आणि चौथा व सहावा वाकड्या २० इंची पाइपने जोडून उत्पादन पुन्हा सुरू केलं. त्या पाइपचा एकमेव नकाशा काढला होता वर्कशॉपच्या जमिनीवर, खडूने. हे डिझाइन तपासू शकला असता त्या वर्क्स इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती. पाइप फाटला, ढग पेटला, २८ माणसं गेली. तो शनिवार होता म्हणून ऑफिस रिकामं होतं, नाहीतर आकडा कितीतरी मोठा झाला असता. आपल्याकडे खडूही लागत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'उद्यापासून आधी टोल्युइन' एवढा निरोप पुरतो. तुमच्या ग्रुपवर तो असेलच. शोधा, तारखेसह जपून ठेवा. कोणाला अडकवण्यासाठी नाही. निर्णय कसा झाला याचा दुसरा पुरावा तुम्हाला मिळणार नाही म्हणून.

क्रम बदलल्यावर दोन-अडीच महिने काही झालं नाही, मग त्याच दिवशी का? हा प्रश्न विचाराच, कारण प्लांट हेडही तोच विचारणार आहेत, वेगळ्या सुरात. एक कारण जानेवारीच्या हवेत असू शकतं. जमिनीकडचा कोरडा वारा सुटला की आपल्याकडचा दमटपणा एकदम उतरतो, आणि दमट हवेत पृष्ठभागावरून झिरपून जाणारा भार कोरड्या हवेत टिकून राहतो. पण तेवढ्यावर थांबू नका. पोत्यांचा पुरवठादार बदलला का? लायनर आधीही होतं का? पोती पूर्वी हळूहळू, आता एकदम पालथी करतात का? ॲजिटेटर चालू होता का? परचेसची बिलं आणि बॅचशीट शेजारी ठेवली की निम्मी उत्तरं मिळतात.

आता तो हिरवा चार. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात गांभीर्य ४, शक्यता ३, गुणाकार १२. मग उपायांचा रकाना : एसओपी, प्रशिक्षण, अर्थिंग क्लॅम्प, हातमोजे व गॉगल. आणि पुढे ४ गुणिले १, बरोबर ४. शक्यता तीनवरून एकवर कोणाच्या जिवावर आली? एसओपी त्या हेल्परनेच वाचायची, प्रशिक्षण त्यानेच लक्षात ठेवायचं, क्लॅम्प त्यानेच लावायचा. गॉगल आणि हातमोज्यांनी तर आगीची शक्यता कमी होत नाही, झालीच तर इजा थोडी कमी होते, आणि गांभीर्याचा आकडा तुम्ही मात्र तसाच ठेवलाय! कुंपण एकच आहे, चार वेळा मोजलेलं.

'लोपा', म्हणजे संरक्षणाच्या थरांचं विश्लेषण, करणारे लोक संरक्षणाचा थर मोजताना पहिली अट घालतात ती स्वतंत्रपणाची. एक थर कोसळला तर दुसरा त्याच कारणाने कोसळायला नको. माणसाच्या कृतीला ते साधारण दहात एकदा चुकेल एवढंच श्रेय देतात, नीट निगा राखलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हला शंभरात एकदा. तुमचा हिशोब करून पाहू. एका बॅचला आठ पोती, दिवसाला एक बॅच, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे २४०० पोती. दहात एकचं राहू द्या, हा हेल्पर हजारात एकदाच चुकतो असं धरा. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला, तोंडावर मास्क लावून, २५ किलोचं पोतं उचलताना हे फारच उदार गृहीतक आहे. तरीही वर्षाला दोन-तीन वेळा चूक होणार. आणि तुमच्या तक्त्याखालची टीप सांगते, शक्यता १ म्हणजे 'दहा वर्षांत एकदाही अपेक्षित नाही'.

या तक्त्यांतला गुणाकारच मुळात लंगडा आहे. १ ते ५ हे क्रम आहेत, मापं नाहीत. गांभीर्य ५ व शक्यता १, आणि गांभीर्य १ व शक्यता ५, दोन्हींचं उत्तर ५, एकच रंग. एकीकडे माणसं मरतात, दुसरीकडे रोज कोणाला तरी खरचटतं. मी माझ्या तक्त्यांत एक नियम घातलाय : गांभीर्य ४ किंवा ५ असेल तर सूचना, फलक, प्रशिक्षण आणि पीपीई (हातमोजे-गॉगलसारखी साधनं) यांच्या भरवशावर ओळ हिरवी करता येणार नाही. ती हिरवी व्हायला काहीतरी लोखंडाचं बदलावं लागेल, नाहीतर पदार्थ किंवा क्रम बदलावा लागेल. पहिल्या वर्षी या नियमाने तक्ता लालेलाल होतो आणि मालक वैतागतात. होऊ दे.

तक्ता भरला कोणी, तेही पाहा. मी तळोज्यातल्या एका कारखान्याच्या हिरात अंबरनाथच्या कारखान्याचं नाव तसंच राहिलेलं पाहिलंय. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले, तेव्हा दोन्ही वेळा पंधरा दिवस माझा फोन वाजत राहिला : 'सर, हिरा अपडेट करून द्याल का, उद्यापर्यंत?' रिॲक्टर दाखवायला या, असं एकही जण म्हणाला नाही. भोपाळलाही १९८४ साली कागदावर सगळं होतं : शीतकरण, स्क्रबर, फ्लेअर (वायू जाळून टाकणारी चिमणी). त्या डिसेंबरच्या रात्री शीतकरण कित्येक महिन्यांपासून बंद होतं, फ्लेअरकडे जाणाऱ्या पाइपचा तुकडा काढलेला होता, आणि स्क्रबर एवढ्या वायूसाठी बनवलेलाच नव्हता. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी अख्खं नवं प्रकरण आलं. तुमची-माझी नोकरी बऱ्याच अंशी त्या प्रकरणाची देणगी आहे.

मी हे आज ऐटीत सांगतोय, पण सुरुवातीची काही वर्षं मीही 'निष्काळजीपणा' लिहीत होतो. वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात पॉवर प्रेसवर एका पोराची दोन बोटं गेली. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं होती, त्यातलं एक लाकडी पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं. मी लिहिलं, 'सुरक्षा साधन निकामी केले, कामगार दोषी.' सात महिन्यांनी त्याच प्रेसवर दुसऱ्या माणसाची बोटं गेली. हा दुसरा माणूस २० वर्षं प्रेसवर होता, एकही ओरखडा नव्हता त्याला. तेव्हा मी पहिल्यांदा त्या मशीनपाशी स्टूल टाकून चार तास बसलो. दर दहा-बारा ठोक्यांनी तुकडा डायमध्ये अडकायचा, कारण तो बाहेर ढकलणारी स्प्रिंग मेली होती. पत्रा एका हाताने धरला नाही तर सरकायचा. मजुरी नगावर. आणि पाचर कामगाराने मारलेलीच नव्हती. सुपरवायझरच्या सांगण्यावरून फिटरने मारली होती, चांगली रंधा मारून, मापात बसवून. काही रुपयांची स्प्रिंग होती ती. त्या दुसऱ्या माणसासमोर उभं राहताना मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात, हे वाक्य तुम्हाला डिप्लोमाला शिकवलं असेल. ते १९३१ सालचं, अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिकचं. त्याने आकडा काढला विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखान्यांच्या अहवालांवरून. ते अहवाल लिहिले होते सुपरवायझरांनी! म्हणजे तुमच्या प्लांटमधला आजचा अहवाल उद्याच्या ८८ टक्क्यांत जमा होणार. 'फाइव्ह व्हाय'चं, म्हणजे पाच वेळा 'का?' विचारण्याच्या पद्धतीचंही तसंच. क्लॅम्प का नाही लावला? विसरला. का विसरला? लक्ष नव्हतं. का? प्रशिक्षण कमी पडलं. झालं, कॅपा (सुधारणेचा कागद) बंद. शिडी ज्या भिंतीला लावाल त्याच भिंतीवर चढणार. तीच शिडी 'माणूस वाफेवर पोतं धरून का उभा होता?' या प्रश्नाला लावा आणि कुठे पोचता ते बघा.

आता करायचं काय. मॅनहोलमधून टोल्युइनवर हाताने पावडर ओतणं आजपासून बंद, सगळ्या रिॲक्टरांवर, फक्त त्या एकावर नाही. जुना क्रम परत आणा. गठ्ठ्यांचा त्रास होईल, तो उत्पादनवाल्यांनी सहन करावा. कायमचा उपाय बंद चार्जिंग, म्हणजे दोन व्हॉल्व्हमधला हॉपर किंवा व्हॅक्यूमने पावडर ओढणारी यंत्रणा, नायट्रोजनसकट. त्याला पैसे आणि महिने लागतात. भार वाहून नेणारे बूट, तसाच प्लॅटफॉर्म आणि अँटिस्टॅटिक लायनर हेही घ्या, पण मदतनीस म्हणून, आधार म्हणून नव्हे. आणि बदल मंजूर करायचा एक पानी फॉर्म : काय बदलतंय, का, त्याने कुठला धोका नव्याने उघडा पडतो, हिरातली कुठली ओळ बदलते. केमिस्ट, मेंटेनन्स आणि तुम्ही, तिघांच्या सह्या. यापेक्षा मोठा फॉर्म केलात तर तो कोणी भरणार नाही.

अहवालात वस्तुस्थिती आणि तुमचा निष्कर्ष वेगळ्या भागांत लिहा. 'क्लॅम्प लावलेला नव्हता' ही वस्तुस्थिती आहे, ती लपवू नका. 'त्यामुळे आग लागली' हा निष्कर्ष आहे आणि तो चुकीचा आहे, हे कारणांसह लिहा. ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येता आलं नाही तर अपघात कळवावा लागतो, ही कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ ची जुनी अट तुम्हाला पाठ असेलच. ती कळवणी आणि तुमचा आतला अहवाल यांत दोन वेगळ्या गोष्टी असतील तर अडचणीत सही करणारे तुम्हीही याल. प्लांट हेडशी भांडू नका. त्या पाण्यावरच्या चाचणीला त्यांना शेजारी उभं करा आणि मीटर त्यांच्या हातात द्या. माझ्या दहा पानी अहवालांनी जे झालं नाही ते अशा एका आकड्याने झालेलं मी पाहिलंय. हॅझॉप (प्रक्रियेतले धोके शोधायची पद्धत) आणि फॉल्ट ट्रीचं रीतसर शिक्षण हवं असेल तर राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय सीबीडी बेलापूरला तुमच्या दारात आहे. ४ मार्चची, राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घ्यायच्या आधी एकदा त्यांच्या प्रशिक्षणाची चौकशी करा.

अजून एक. तुमच्या कागदांत केमिस्टचा जबाब आहे, शिफ्ट इनचार्जचा आहे, ठेकेदाराचाही आहे. भाजलेल्या मुलाचा नाही. डॉक्टर बोलू देतील तेव्हा ऐरोलीला जा, एकटे जा, ठेकेदाराच्या माणसाला खोलीबाहेर ठेवा. तो ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत लिहून घ्या. 'क्लॅम्प का नाही लावलास?' हे विचारू नका, तो प्रश्न त्याला आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला असेल. रोज पोतं कसं ओततोस ते सांग म्हणा. आणि पोतं ओतताना आधी कधी हाताला करंट लागला होता का, चटका बसला होता का, हे विचारा. कोरड्या दिवसांत तो बहुतेक लागलेला असतो. पोरं हसतात, हात झटकतात, पुढचं पोतं उचलतात. लागला असेल तर त्याने ते कोणाला सांगितलं होतं आणि समोरचा काय म्हणाला होता, तेही विचारा.